मागच्या सीटचं वजन

आमच्या गल्लीत वांगी भाजायला लागली की समजावं, थंडी आली. कॅलेंडर बघायची गरज नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात कपाशीच्या काड्या पेटतात, त्यावर भरताची जाडजूड हिरवी वांगी पडतात आणि तो धूर खिडकीतून थेट घरात येतो, विचारत नाही. धुळ्यात थंडी फार दिवस मुक्काम करत नाही. पण ज्यांना दुचाकीवर लांब जायची हौस आहे, त्यांच्यासाठी वर्षातले हेच काय ते दिवस. उन्हाळ्यात इथे हेल्मेट घालून निघणं म्हणजे चुलीत डोकं घालणं, आणि पावसाळ्यात रस्त्यावर आलेली काळी माती चाक धरून बसते.

यंदाही तो धूर आला. मी जिन्याखाली गेले आणि गाडीवरचं कापड काढलं. गेल्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा. धुळीचा लोट उठला, मला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी धुळीचंच होतं असं मी वर खिडकीत उभ्या असलेल्या आईला सांगितलं. तिनं मान हलवली. आम्ही दोघी हल्ली एकमेकींचं असलं पटकन मान्य करतो.

गाडी उंच आहे, जड आहे, माझ्या अंगापिंडाला शोभत नाही असं सगळ्यांचं मत आहे. पुढे काच, हातांना वारा लागू नये म्हणून हँडलला ढाली, खाली लोखंडी गार्ड, दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगा, मागे पेटी आणि त्या पेटीला पाठ टेकायची गादी. ही गादी आबांनी निवडली. बाकी सगळं मी निवडलं, त्यांनी त्यात खोड्या काढल्या, आणि मग तेच घेतलं.

आबा म्हणजे माझे वडील. एस.टी.चे ड्रायव्हर. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटला नाही. घरातही तोच, वाण्याकडे जातानाही तोच. धुळे–सुरत ही त्यांची गाडी. नेर, साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट, नवापूर आणि सुरत. स्टँडवर गाडी लावायची, तिथल्याच एका खाणावळीत जेवायचं, घटकाभर आडवं व्हायचं आणि परत. किती वेळा गेले असतील, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि एवढं जाऊन त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. सुरतेच्या पुढे थोडं गेलं की समुद्र आहे, हे त्यांना प्रवाशांनी सांगितलं होतं.

समुद्राचंच कशाला, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी कोंडाईबारीबद्दल विचारलं, जंगल कसं आहे, दरी खोल आहे का. ते भाकरी मोडता मोडता थांबले.

"मी बठ्ठी जिंदगी रस्ता देखा, बेटा. रस्तानी बाजूले काय शे, ते माले म्हाईत नही."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. एस.टी.त खिडक्या प्रवाशांना, गप्पा कंडक्टरला आणि रस्ता ड्रायव्हरला, अशी वाटणी असते. नजर जरा बाजूला गेली तर पन्नास माणसं दरीत. आबांनी ती नजर आयुष्यभर इकडेतिकडे जाऊ दिली नव्हती. त्या दिवशी भाकरी संपवून हात धुताना ते म्हणाले, "तू चलाव. मी देखसू."

असा आमचा सुरतेचा बेत ठरला. कोंडाईबारी, सुरत, आणि पुढे समुद्र. आबा मागच्या सीटवर.

आता ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण दुचाकीवर लांब जायचं ठरलं की निम्मा आनंद निघायच्या आधीच असतो. सामान निवडण्यात. मी कचेरीतून आले की आम्ही बापलेक मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हिडिओ बघत बसायचो. कापडी बॅगा बऱ्या की पत्र्याच्या? मागचा शॉकॅबसर, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, कुठली? दिवे पिवळे की पांढरे? आबा पिवळ्यांच्या बाजूचे. धुक्यात पांढरा दिवा आंधळा असतो, हे त्यांचं ठाम मत, आणि ते खरं निघालं. भडगावहून मावशी आली होती, तिनं हा संसार दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"पोरगीले जोडीदार देखाना सोडीसन तुम्हीन शॉकॅबसर देखी ऱ्हायनात?"

"चांगला शॉकॅबसर भेटनं कठीन शे," आबा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. "जोडीदार काय, भेटी."

मावशीनं कपाळाला हात लावला. मी मात्र त्या दिवसापासून आबांची जास्तच झाले.

जॅकेट आलं तेव्हा तर गल्ली गोळा झाली. खांद्यांना, कोपरांना, पाठीला कडक गार्ड घातलेलं काळं जॅकेट, गुडघ्यांना बांधायची कवचं, हातमोजे, आणि हेल्मेट. हेल्मेटच्या आत कानटोपी घालणारच, हा आबांचा हट्ट. समोरच्या नानांनी ओट्यावरून हाक मारली, "आबा, कोठे लढाईले जाई ऱ्हायनात?"

"सुरत लुटाले," आबा म्हणाले. हेल्मेटमधून आवाज घुमला आणि सगळी गल्ली हसली.

मागे बसणारा माणूस म्हणून आबा अतिशय वाईट होते. पहिल्याच दिवशी सोनगीरपर्यंत सरावाला गेलो, तर मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा उजवा पाय मागच्या पायटीवर दाबला जायचा. ट्रक दिसला की "हॉर्न!" वळण आलं की "गियर टाक, गियर." मी शेवटी गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, तुम्ही प्रवासी आहात. चालकाशी बोलू नये." थोड्या वेळानं त्यांचं बोट माझ्या खांद्यावरून पुढे आलं. सोनगीरचा किल्ला दाखवत होतं. सुरतेची गाडी मिळण्याआधी हा हायवेही त्यांनी असंख्य वेळा तुडवला होता, आणि आता त्या टेकडीकडे असे बघत होते, जणू ती कुणी काल आणून ठेवली आहे.

शॉकॅबसर मात्र बदलावाच लागला. गाडीबरोबर आलेला दोन माणसं आणि सामान घेऊन खड्ड्यात पार तळाला टेकायचा, आणि आबांच्या कमरेत कळ जायची. पारोळा रोडला युनूसभाईचं गॅरेज आहे. त्यानं गॅसवरचा, शेजारी वेगळी डबी असलेला नवा शॉकॅबसर मागवला आणि आम्हाला बजावलं, "बसवल्यावर सेटिंग करावं लागेल. जसे निघणार तसे या. कपडे, हेल्मेट, बॅगा भरलेल्या, दोघंजण."

त्याची पद्धत अशी. आधी रिकाम्या गाडीचं मागचं अंतर टेपनं मोजायचं. मग दोघांनी सगळा जामानिमा करून बसायचं, आणि गाडी किती दबली ते पुन्हा मोजायचं. त्याप्रमाणे स्प्रिंग घट्ट किंवा सैल. म्हणून आम्ही भर दुपारी गॅरेजमध्ये हेल्मेट घालून, जागच्या जागी, गाडीवर बसलो होतो. आबा फोटोला बसल्यासारखे ताठ. बाजूनं रिक्षावाले थांबून बघत होते. युनूसभाई टेप घेऊन खाली वाकला होता.

"बसमधे पाट्या ऱ्हातीस," आबा त्याला वरून सांगत होते, "कमानना. रिकामी गाडी उडस. भरेल गाडी दबीसन चालस. डेपोमधून रिकामी निंघनी ना, का कंबर मोडी जास."

"बरोबर आबा, तेच आहे इथं पण," युनूसभाई म्हणाला आणि त्यानं आकड्याचा पाना घालून स्प्रिंग थोडी आवळली. त्या दिवशी गाडी लोण्यासारखी चालली. येताना आबांनी एकदाही ब्रेक दाबला नाही.

मग हळूहळू एकेक बिघडायला लागलं. म्हणजे मला तसं वाटलं.

आधी जॅकेट. खांद्यावरून उतरायला लागलं. मी म्हटलं, ही परदेशी मापं, आपल्याकडच्या माणसांना बसत नाहीत. बाजूचे पट्टे ओढून घेतले. काही दिवसांनी ते शेवटपर्यंत ओढले तरी वाऱ्यानं आत फुगायला लागलं. मग मी एक नंबर लहान मागवलं आणि कंपनीच्या मापाच्या तक्त्याला शिव्या घातल्या. मग हेल्मेट. ते हलायला लागलं. हेल्मेटचं असंच असतं, गालांच्या गाद्या वापरून दबतात, सगळ्यांना माहीत आहे. मी जाड गाद्या आणल्या. आणि मग शॉकॅबसर. मागून गाडी टणटण उडायला लागली. प्रत्येक खड्ड्याला आबा सीटवरून उचलले जायचे आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं.

मी चिडले. एवढा नवा माल आणि महिन्यात कडक होतो? आम्ही पुन्हा गॅरेजमध्ये गेलो, पुन्हा सगळं घालून बसलो. युनूसभाईनं टेप लावला, पुन्हा लावला.

"मागच्या वेळेस जास्त दबली होती," तो म्हणाला. "स्प्रिंग अजून खुलली नसेल. थोडी चालवा, मग बघू."

आबांनी या वेळी कमानपाट्यांचं काही सांगितलं नाही. मला आठवतंय, ते आपल्या बुटांकडे बघत होते.

त्याच सुमारास घरात वेगळाच गोंधळ उठला. आईचा वरवंटा हरवला. काळ्या दगडाचा, चांगला हातभर, तिच्या लग्नात माहेरून पाट्याबरोबर आलेला. भरताचे दिवस, ठेच्याचे दिवस, आणि पाटा नुसताच पडलेला. मिक्सरमधला ठेचा म्हणजे हिरवं पाणी, असं तिचं मत आहे आणि ती ते रोज जेवताना सांगायची. शेजारच्या अक्कांवर तिचा संशय. त्यांनी पापडांच्या वेळी नेला होता.

"वरवंटाले काय पाय फुटनात?" ती ताट वाढताना आपटायची.

"सापडी," आबा म्हणायचे. "कोठे जाई तो." आणि अर्धी भाकरी ताटातच ठेवून उठायचे. आई म्हणायची, ठेच्याला चव नाही म्हणून जेवण जात नाही त्यांना. मलाही ते पटायचं.

तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये गेलो तेव्हा आबांनी आधीच सांगितलं होतं की डावी बॅग त्यांची. तिला मी हात लावायचा नाही. थर्मास, गमछा, औषधं, त्यांचं त्यांचं सामान. मी म्हटलं, ठीक आहे, माणसाला स्वतःची एक बॅग असावी. आम्ही बसलो. युनूसभाईनं मोजलं, स्प्रिंग किंचित ढिली केली, पुन्हा मोजलं आणि हसला. "आता बरोबर आलं."

आणि खरंच, गाडी बसली. येताना देवपूरच्या पुलावरच्या त्या ठरलेल्या खड्ड्यातून मी मुद्दाम गाडी घातली. मागून टणका आला नाही.

"देख," आबा मागून म्हणाले, "बठनी ना गाडी?"

मी किती खूश होते. मला माझा तो आनंद आज आठवला की कसंतरी होतं.

निघालो त्या सकाळी नेरच्या पुढे शेतांवर धुकं होतं, आणि आबांचे पिवळे दिवे त्यात चांगले चालले. साक्रीला त्यांनी चहा नको म्हटलं. दहिवेल सोडलं आणि चढ लागला. घाटात मी गाडी अगदी सावकाश घेतली, मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, मी हटले नाही. सागाची पानं मोठाली, धुळीनं लालसर. एका वळणावर आबांनी खांदा दाबला. मी थांबले. ते उतरले, कठड्याशी गेले आणि हेल्मेट न काढता नुसते उभे राहिले. खाली दरी होती, तिच्यात धूर करणारी चार घरं, आणि कुणीतरी म्हशी घेऊन चाललेलं. एवढंच. फोटो काढावा असं काही नव्हतं.

"हाई आठे व्हतं?" ते म्हणाले. "आन् माले कोनी सांगं नही."

कितीतरी वेळ ते बघत होते. मी पलीकडच्या टपरीवरून चहा आणला. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेला हळूच मातीत ओतला, मला दिसू नये अशा बेतानं. मला दिसला. मग ते येऊन बसले आणि म्हणाले, "आते फिराव."

"फिरव? आबा, समुद्र?"

"समुद्र कोठे पळी जाई? फिराव, बेटा. थकनू."

मी फिरवली. येताना साऱ्या वाटेत त्यांचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलेलं होतं. पेटीची एवढी हौसेनं घेतलेली गादी मागे मोकळी राहिली.

पुढच्या आठवड्यात जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. पोटात होतं, आणि पसरलं होतं. डॉक्टरांनी कागदांवरून मान वर केली आणि अगदी साधं विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक सगळं आलं. जॅकेटचे ओढलेले पट्टे. हेल्मेटच्या जाड गाद्या. टणटण उडणारी सीट. माणूस कमी होत होता आणि मी सामान बदलत होते. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, आबा खराब दिसतात. आम्हा नादिष्ट लोकांना वाटतं, माल खराब आहे.

थंडी सरायच्या आत आबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक आले, पांढऱ्या कपड्यांची गर्दी झाली, आबांच्या डेपोतले जुने सोबती एका ओळीत बसले. त्यांतला एकजण जाताना गाडीपाशी थांबला, मागच्या गादीवरून हात फिरवला आणि निघून गेला. त्यानंतर मी गाडीवर कापड घातलं. बॅगा काढल्याच नाहीत. ज्या हातांनी त्या बसवल्या होत्या त्या हातांनी त्या काढायच्या, एवढी हिंमत माझ्यात नव्हती. कचेरीला स्कूटीनं जात राहिले.

हे गार्ड, ही कवचं, यांच्याबद्दल मी वर्षभर पुष्कळ विचार केला आहे. पडलं तर लागू नये म्हणून माणूस किती तयारी करतो! खांदा, कोपर, गुडघा, मणका, प्रत्येकाला वेगळं. आबा कधी पडलेच नाहीत. त्या जॅकेटवर एक ओरखडा नाही.

यंदा कापड काढलं आणि बॅटरी मेलेली गाडी युनूसभाईच्या पोऱ्यानं ढकलत नेली. रविवारी मी गेले. त्यानं बॅटरी घातली होती, तेल बदललं होतं. टेप हातात घेऊन तो उगाच घुटमळत होता.

"मॅडम, मागची स्प्रिंग दोघांसाठी लावलेली आहे," तो शेवटी म्हणाला. "एकट्याला कडक पडेल. सैल करू का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. रात्री पडल्या पडल्या मी त्याचं उत्तरही ठरवलं होतं. गाडी चालवायची तर एकटीचीच करावी लागणार, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "करा."

"मग बॅगा खाली करून द्या. वजन बरोबर यायला पाहिजे."

उजवी माझी होती. तिच्यात रेनकोट आणि पंक्चरचं सामान. डावीची चेन धुळीनं घट्ट झाली होती. थर्मास निघाला. गमछा निघाला. खाली खाकी शर्टाचं गाठोडं होतं, बाह्यांची गाठ मारलेलं. ते उचलायला गेले तर हात खाली ओढला गेला. गाठ सोडली. आत आईचा वरवंटा होता.

युनूसभाई टेप हातात धरून बघत होता. मी तो दगड मांडीवर घेऊन टायरच्या ढिगावर बसले.

म्हणजे आबांना माहीत होतं. दुसऱ्यांदा टेप लागला तेव्हाच कळलं होतं. रिकामी गाडी उडते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? उडणारी गाडी माझी होती आणि रिकामे ते होत होते. मला कळलं असतं तर मी किल्ली कपाटात टाकून त्यांना त्याच दिवशी जळगावला नेलं असतं, आणि त्यांनी आयुष्यात एकदा बाजूला बघायचं ठरवलं होतं. म्हणून घरातली, बॅगेत मावेल अशी सगळ्यात जड वस्तू उचलली, आपल्या शर्टात गुंडाळली आणि माझ्या मागे ठेवली. आणि पुलावरच्या खड्ड्यातून गेल्यावर मलाच विचारलं, बठनी ना गाडी.

मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मी त्या दगडावर मूठ मारली आणि हात दुखला. मग जे व्हायचं ते झालं, आणि युनूसभाई पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेला.

स्प्रिंग तशीच ठेवून गाडी घरी आणली. आई ओट्यावर वांगी सोलत होती, हात काळे झालेले. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. का होतं तेही सांगितलं. तिनं हात पदराला पुसले. वरवंटा उचलून मांडीवर घेतला, लेकराला घेतात तसा. मला वाटलं, आता ती तो धुऊन पाट्यावर ठेवेल, मिरच्या घेईल. वर्षभर ती त्याच्यासाठी भांडत होती. शेजारच्या अक्कांशी बोलणं टाकलं होतं तिनं.

तिनं मात्र तो खाकी शर्ट मांडीवर पसरला, त्याची कॉलर सरळ केली, वरवंटा मधोमध ठेवला आणि बाह्यांची गाठ मारली. आबांनी मारली होती तशीच. गाठोडं माझ्या हातात दिलं.

"ठेव त्यामाच," ती म्हणाली. "समुद्रलगून ली जाय. रिकामी गाडी उडस, बेटा."